आईची कवळी

६ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कचऱ्याच्या डब्याकडे बघशील. बघ. पण फाडण्याआधी एवढं वाच की कोणी गेलेलं नाही. चार वर्षांनी भावाचं पत्र आलं की माणूस आधी कोण गेलं ते शोधतो, म्हणून आधीच सांगितलं. मी आहे, तुझी वहिनी आहे, घराचा नळ अजून गळतोय.

मला दर मंगळवारी एका बाईंकडे जावं लागतं. समुपदेशक. सकाळी उठवत नाही, एक मोजा पायात आणि एक हातात धरून अर्धा अर्धा तास पलंगाच्या कडेवर बसून राहतो, जेवणाला चव नाही, कुणी हसलं की राग येतो. याला त्यांच्याकडे एक नाव आहे. ते मी तुला सांगणार नाही, तुला उगीच आनंद होईल.

हौसेने गेलेलो नाही, मालकांनी धाडलं. आमचे लॅबचे तेच मालक, तोच करडा डगला, आता पोटावर बटण लागत नाही एवढाच फरक. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तीस वर्षं इथून तुमच्या हातच्या कवळ्या गेल्या, एक परत आली नाही. आणि आता आठवड्याला चार होत नाहीत तुमच्याच्याने. एक तर कुणाला तरी दाखवा, नाहीतर घरी बसा." एक परत आली नाही हे काही खरं नाही. पण ती लॅबमधून गेलेली नव्हती, त्यामुळे मालकांना माहीत असण्याचं कारण नाही.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. खोलीत दोन खुर्च्या, टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा, आणि घड्याळ बरोबर माझ्या डोक्यामागे लावलेलं, म्हणजे किती वेळ उरला ते फक्त त्यांना दिसतं. पहिले तीन मंगळवार मी हवापाण्यावर बोललो. चौथ्याला त्या म्हणाल्या, "ज्यांच्यावर तुमचा राग आहे त्यांना पत्र लिहा. टाकायचं मात्र नाही."

"मग लिहायचं कशाला?"

"स्वतःसाठी."

स्वतःशी मी रोजच बोलतो, त्याला कागद लागत नाही. येताना पोस्टात गेलो आणि तिकिटं घेतली.

तर राग. तुझ्यावर आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भावजींसमोर, दोन नर्ससमोर तू मला जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. वर्षातून दोनदा पाहुणीसारखी यायचीस, आईजवळ बसून गप्पा झोडायचीस आणि निघून जायचीस. औषधं, डोळ्यांचे नंबर, गुडघे, बिघडलेला पंखा, सगळं माझ्या गळ्यात. आणि शेवटी शहाणपण तू शिकवणार. तुझ्या त्या एका वाक्यामुळे मी तिथून निघालो आणि आई गेली तेव्हा मी नव्हतो. हे तुझ्या खात्यावर आहे, लिहून ठेव.

तुझा (असं लिहायची पद्धत आहे म्हणून),
दादा


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आमचा पोस्टमन आता मला बघून मान हलवतो.

बाईंनी ध्यानाच्या वर्गाला घातलंय. गालिचे विकणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथे आम्ही अकरा जण मांड्या घालून बसतो. ज्यांच्या मांड्या होत नाहीत ते खुर्चीवर. शिकवणारे गृहस्थ आधी शाळेत खेळाचे मास्तर होते, त्यामुळे "श्वास आत... श्वास बाहेर" हेसुद्धा ते शर्यत सुरू केल्यासारखं म्हणतात. माझ्या शेजारचा माणूस तिसऱ्या श्वासाला झोपतो आणि घोरायला लागतो. मास्तर त्याला उठवत नाहीत. म्हणतात, तोही एक आवाजच आहे, येऊ द्या. मी येऊ देतो. मनातल्या मनात त्याचं नाक चिमटीत धरतो आणि येऊ देतो.

श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात. माझं लक्ष जिभेकडे जातं. डोळे मिटले की माझी जीभ आपोआप खालच्या डाव्या बाजूला, शेवटच्या दाढेमागे जाऊन चाचपायला लागते. तिथे मला काही झालेलं नाही, दोनदा आरशात पाहिलं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे, परत आणा. शंभरदा गेली तर शंभरदा आणा." त्यांच्या शाळेतली पोरं का सुधारली नसतील ते कळलं.

तुझ्या वहिनीचं डोकं फिरायची वेळ आली आहे. परवा म्हणाली, "तुमचं हे दुःख म्हणजे घरात तिसरं माणूस आलंय. त्याचंही पान वाढू का?" पूर्वी मी हसलो असतो.

आता मालक माझ्यावर का वैतागलेत ते सांगतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतात आणि ते माप आमच्याकडे येतं. त्यात आम्ही प्लास्टर ओततो, म्हणजे त्या माणसाचं तोंड आमच्या टेबलावर उभं राहतं. त्या साच्यावर कवळी बेतायची. मापात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर प्लास्टर त्यात शिरतं आणि साच्यावर बारीकशी गोळी उठते, जी तोंडात नसते. ती कोरणीने उडवायची. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे, डोळे मिटून करायचं काम.

मी गोळ्या उडवत नाही. पेन्सिलीने गोल करतो आणि साचा डॉक्टरांकडे परत पाठवतो, सोबत चिठ्ठी: "हे तोंडात आहे का?" आजपर्यंत सतरा साचे परत गेले. सतराही बुडबुडेच होते. एका डॉक्टरांनी मालकांना फोन करून विचारलं की तुमच्या माणसाला प्लास्टर दिसतं की भुतं दिसतात.

असं मी का करतो ते बाईंनी विचारलं. वय झालं, नजर कमी झाली, असं काहीतरी सांगितलं. तुलाही तेच सांगतो.

दादा


८ मार्च

भिंगरी,

आज चांगली बातमी आहे. मी तुला माफ केलं.

दचकू नकोस, सांगतो. बाई गेले तीन मंगळवार एकच घोकतायत: माणसं जशी आहेत तशी घ्यायची. आपल्याला हवी तशी ती होणार नाहीत, आणि होत नाहीत म्हणून आपण कुढत बसायचं नाही. घरी जाऊन सराव करा म्हणाल्या. केला. मालकांना घेतलं, डगल्यासकट. घोरणाऱ्या शेजाऱ्याला घेतलं. वरच्या मजल्यावर खुर्च्या फरफटवणाऱ्या कुटुंबाला घेतलं, फक्त त्यांच्या थोरल्याला घेता आलं नाही, तो खुर्चीवर उभा राहून उडी मारतो. तुझ्या वहिनीला घ्यायला गेलो तर म्हणाली, "मला घेताय? सव्वीस वर्षं मी काय करतेय मग?"

मग तुझी पाळी आली. तू पहिल्यापासून फटकळ. मनात आलं की ओठावर आलंच. आईच्या आजारात तू घाबरलेली होतीस आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतं. मी समोर होतो. आईही शेवटी शेवटी चिडचिडी झाली होती. "टोचतं रे, टोचतं," हेच चालायचं. नवी कवळी सगळ्यांनाच टोचते, मी तीस वर्षं पाहतोय. तू ते ऐकलंस आणि तुला वाटलं मी दुर्लक्ष केलं. तुझा तरी काय दोष, तुला या कामातलं कळत नाही.

म्हणून मोठ्या मनाने, थोरला भाऊ या नात्याने, झालं गेलं मी सोडून देतो. बाईंना हे वाचून दाखवलं. त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त "हं" केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दादा


२१ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पाच शब्द. "मला माफ करणारा तू कोण?" नाव नाही, तारीख नाही, मायना नाही. पत्त्यात पिनकोड चुकवलास तरी बरोबर घरी आलं.

असा संताप आला म्हणून सांगू! कार्ड खिशात घालून दोन दिवस फिरलो. मंगळवारी बाईंसमोर टेबलावर आपटलं. म्हटलं, बघा, ही अशी आहे. मी माफ करतो आणि ही लाथ मारते. पत्रं टाकायची नव्हती हे तेव्हा उघड झालंच. वाटलं, आता रागावतील. त्यांनी कार्ड वाचलं, सरळ करून माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "व्हरांड्यात त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या? तुम्ही मला सगळं सांगितलंत, ते वाक्य कधी सांगितलं नाहीत."

मी सांगितलं. "आईच्या तोंडात एकदा तरी बघितलं होतंस का?"

"मग? बघितलं होतंत?"

मी म्हटलं, "मला या कामाचा तीस वर्षांचा अनुभव आहे."

"अनुभव नाही विचारला मी."

मला तेव्हा घड्याळ बघायचं होतं, पण ते माझ्या पाठीमागे. उठलो आणि निघून आलो. मंगळवारची वेळ अर्धी सोडून जाणारे बरेच असतात म्हणे, तिथली फोनवरची मुलगी म्हणाली.

दादा


४ एप्रिल

भिंगरी,

आता जे लिहितोय ते एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर होणार नाही.

आईचे खालचे शेवटचे दात काढले आणि सहा महिन्यांत जखमा भरल्या. कवळी करायची वेळ आली तेव्हा तिने डॉक्टरांचं नाव काढलं. मीच म्हटलं, डॉक्टर काय करणार, माप घेऊन माझ्याकडेच पाठवणार. मी घरीच घेतो. मला तेव्हा फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. आईलाही. शेजारणीला सांगून आली, "माझा मुलगाच करतोय."

स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. गळ्याभोवती टॉवेल. ओट्यावरचा दिवा गेलेला होता, बदलायचा राहिला होता. आई म्हणाली, "लहानपणी तुझ्या तोंडातून मी बटणं काढली, आता घाल बाबा तू हात." लगदा दाबला, तिला उमासा आला, मी म्हटलं हलू नकोस. दोन मिनिटांत माप निघालं. छान निघालं.

डॉक्टर माप घेण्याआधी तोंडात बघतात. दिवा धरून बघतात, गाल बाजूला ओढतात, हिरडीवरून बोट फिरवतात. ते मी केलं नाही. सुचलंच नाही. तीस वर्षांत मी हजारो तोंडं हाताळली, भिंगरी, सगळी प्लास्टरची. आईचं तोंड बघायचं म्हणजे मला साचा बघायचा एवढंच माहीत.

साचा ओतला. खाली डावीकडे, शेवटच्या दाढेच्या जागी, गालाकडच्या बाजूला एक गोळी होती. मी कोरणी लावली, उडवली, फुंकर मारली. तिच्यापाशी क्षणभरही थांबलो नाही. शिट्टी वाजवत होतो.

महिन्याभरात ती म्हणाली, "डावीकडे टोचतं रे." आतून घासून दिली. पुन्हा म्हणाली. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी कवळी साच्यावर बसवून तिला दाखवली. केस जायला फट नव्हती. म्हटलं, "हे बघ. कवळी बरोबर आहे आई, तुझं तोंड चुकतंय."

ती हसली. त्यानंतर तिने टोचतं म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. पाव दुधात भिजवून खायला लागली, मग दूधच. मला वाटलं सवय झाली. पुढच्या पाच महिन्यांत ती वाळत गेली आणि मी तिला म्हणत होतो, आता या वयात कमीच खावं. मग तू आलीस, तिचा चेहरा बघितलास आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलीस.

तुमच्याकडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर जबड्याचं चित्र काढून पेन्सिलीने गाठीची जागा दाखवली. खाली डावीकडे, शेवटच्या दाढेपाशी. मी ती जागा त्यांच्याआधी ओळखली. ते म्हणाले, सहा महिने आधी आणली असती तर लहानशा ऑपरेशनचं काम होतं. तू मला व्हरांड्यात विचारलंस ते त्यानंतर. तुझ्या बोलण्याने मी निघून गेलो असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगितलं, तुझ्या वहिनीलाही. तुझ्या बोलण्याने नव्हतो गेलो. तिच्या बिछान्याशी बसायचं तर तिने तोंड उघडल्यावर मला बघावं लागलं असतं.

बाईंना हे काल सांगितलं. त्या म्हणाल्या, कदाचित तो बुडबुडाच असेल, तुम्हाला कसं कळणार. भली बाई आहे. पण बुडबुडा असता तर नेमकं तिथेच टोचलं नसतं. हे त्यांना कळणार नाही, मला कळतं. माझं कामच ते आहे.

तू विचारलंस ना, माफ करणारा मी कोण. हा मी.

दादा


२ मे

भिंगरी,

तुझी चार पानं आली. उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली.

म्हणजे तू तो दाणा पाहिला होतास. कवळी बसल्यावर दोन महिन्यांनी तू आलेलीस तेव्हा. आईने तुला खिडकीशी नेलं, बोटाने गाल ओढला आणि म्हणाली, इथे बघ गं, दाण्यासारखं काय आहे. आणि तू म्हणालीस, दादाला दाखव, त्याला तोंडातलं कळतं. तुला बस गाठायची होती. आई म्हणाली, नको, त्याने एवढ्या हौसेने केली आहे, त्याला वाईट वाटेल. आणि तुम्ही दोघींनी तो विषय तिथेच मिटवला. तू लिहितेस, "व्हरांड्यात तुला जे विचारलं ते मला स्वतःला विचारता येत नव्हतं, कारण मी बघितलं होतं."

आता एक गोष्ट सांगतो, ऐकून तुला माझी किळस येईल. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस अतिशय आनंदात होतो. सकाळी पटकन उठलो. दोन्ही मोजे एका झटक्यात. आंघोळ करताना गाणं म्हटलं, तुझी वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. लॅबमध्ये एका दिवसात तीन कवळ्या पूर्ण केल्या आणि मालकांनी स्वतःचा चहा मला दिला. इतक्या महिन्यांच्या श्वास आत, श्वास बाहेरने जे झालं नाही ते तुझ्या चार पानांनी झालं. तू बघून गप्प राहिलीस! मी तर बघितलंही नव्हतं. म्हणजे तू माझ्यापेक्षा वाईट. ही गोळी मला कुठल्याही डॉक्टरने दिली नसती.

मंगळवारी बाईंना सगळं उड्या मारत सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज माझ्या कानावर पडला आणि मी थांबलो. नंतरचा सगळा वेळ मी त्यांच्या डब्यातले कागद काढत होतो. चार वर्षांत पहिल्यांदा. आई गेल्याचं कळलं तेव्हाही झालं नव्हतं.

तुझ्या शेवटच्या पानावर एकच प्रश्न आहे. "तू उडवलास तेव्हा केवढा होता? खरं सांग."

का विचारतेस ते मला कळलंय. माझ्या वेळी तो मोठा असेल तर तू पाहिलास तेव्हा उशीर झालेलाच होता. लहान असेल तर झालेला नव्हता. मी तीन पत्रं लिहून फाडली. एकात लिहिलं होतं, सुपारीएवढा होता. तुला पटलं असतं. एवढा मोठा कोणीही बुडबुडा समजणार नाही हे आमच्या धंद्यातल्यालाच कळतं, तुला कळलं नसतं, आणि तुझी सुटका झाली असती. हवीशी वाटली होती मला ती, तुझ्यासाठी. पण मग आयुष्यभर मी तुझ्याकडे बघताना मनात म्हटलं असतं, हिला मी वाचवलं. मी तसाच आहे.

मसुराएवढा होता. तू खिडकीशी पाहिलास तेव्हा फार तर वाटाण्याएवढा झाला असेल.

हे वाचून तू काही दिवस कामाची राहणार नाहीस. जेवण जाणार नाही, लोक बोलतील ते ऐकू येणार नाही. माणूस त्याने मरत नाही, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. तुमच्याकडेही कुणी बाई असतील तर जा. ध्यानाला गेलीस तर खुर्ची घे, तुझे गुडघे आईवर गेलेत.

माफीचं मागच्या वेळी लिहिलं ते मी परत घेतो. मी तुला माफ करत नाही आणि तूही मला करू नकोस, तो अधिकार जिचा होता ती हसून गप्प बसली. माणसं जशी आहेत तशी घ्या म्हणतात. तर आपण हे असे: मी न बघता खरवडणारा, तू बघून बस गाठणारी, आणि आई, मुलाला वाईट वाटू नये म्हणून दुधात पाव भिजवणारी. तिचा सगळ्यात जास्त राग येतो मला. तुला येतो का? हे तुझ्याशिवाय कुणाला विचारणार मी?

रविवारी मी घरी असतो. ये. तुझी वहिनी म्हणते, मी बहिणीकडे जाऊन बसते, तुम्ही भावंडं काय ती भांडी फोडा. चार वर्षांचं भांडण आहे, सकाळच्या गाडीनेच निघ. आणि येण्याआधी तिथल्या एखाद्या डॉक्टरला तोंड नीट दाखवून ये, दिवा लावून, गाल ओढून, सगळं. मला दाखवू नकोस.

दादा